पहिल्या प्लेटचा रंग

नुआनचानने तीस नंबरचा गोल माऊसने पकडला, ओढत ओढत पडद्याच्या मधोमध आणला आणि सोडला. क्षणभर तो थबकला. मग वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा मुकाट्याने सरकत सरकत पुन्हा कडेला जाऊन बसला. हे तिसऱ्यांदा झाले होते.

"पी नुआन, त्याला नाही राहायचं तिथे," मागून मिंट म्हणाली. "कशाला बळजबरी करताय?"

मिंट तिची पीएचडीची विद्यार्थिनी, तिला पी म्हणजे ताई म्हणणारी. उत्तरेकडच्या डोंगरांतून दक्षिणेच्या या विद्यापीठात आलेली, तोंडाने फटकळ, हाताने नीटस. खरे नाव चांगले पाच अक्षरी होते, पण ते फक्त ओळखपत्रावर. दुधाळ थंड चहाची प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बोटाला अडकवून ती खुर्चीच्या पाठीशी उभी होती, आणि नळीने चहा ओढताना जो आवाज येत होता तो नुआनचानला आज जरा जास्तच वाटत होता.

पडद्यावर टायगर कोळंबीच्या रक्तपेशीतल्या प्रथिनांचे जाळे होते. एक गोल म्हणजे एक प्रथिन. दोन गोलांमध्ये रेघ असली की समजायचे, पेशीच्या आत ही दोघे एकमेकांना धरतात. ज्याची पुष्कळांशी धराधरी, त्याला प्रोग्रॅम आपणहून मध्यावर नेऊन बसवतो. ज्याला फारसे कोणी धरत नाही तो कडेला. लग्नाच्या पंगतीत जसे कोणाला सांगावे लागत नाही, तसेच. गेली पंधरा वर्षे मध्यावर तीस नंबर होता. चौसष्ट रेघा. त्याच्या खालोखाल जो होता त्याला नऊ.

तीस नंबर हे आजान थाविन यांनी, नुआनचानच्या गुरूंनी, शोधलेले प्रथिन. येत्या गुरुवारी गुरुवंदना होती, आणि त्याच दिवशी आजान बहात्तर वर्षांचे होत होते. बारा वर्षांची सहा चक्रे पुरी. सभागृहाच्या भिंतीवर नऊ फुटी नकाशा लागणार होता. विभागप्रमुखांनी फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवले होते की आजानना नकाशापुढे असे उभे करायचे की तीस नंबर बरोबर डोक्यामागे आला पाहिजे, मूर्तीमागच्या प्रभावळीसारखा. हाट याईच्या छापखान्याला फाइल बुधवारी दुपारपर्यंत हवी होती. आज मंगळवार.

"तू नक्की काय बदललंस?" नुआनचानने पाचव्यांदा विचारले.

मिंटने पाचव्यांदा सांगितले, पण या वेळी खुर्ची ओढून, बोटे मोडून. तिने एवढेच केले होते, की कोणाला किती जण धरतात एवढेच न मोजता, त्याला किती वेळा विचारले गेले तेही मोजले. इतर प्रथिनांची परीक्षा झाली होती सहा-सात वेळा, फार तर सत्तावीस वेळा. तीस नंबरची दोनशे बारा वेळा.

"दोनशे बारा दारं वाजवली तर चौसष्ट उघडणारच की," ती म्हणाली. "माझी आत्या चियांग रायमध्ये झाडू विकते. तिलाही एवढी दारं उघडतात. म्हणून ती काय गावातली लाडकी आहे?"

"आजान थाविनना तू झाडूवाली म्हणतेस?"

"तीस नंबरला म्हणते. आजानना मी फोटोतच पाहिलंय." मिंटने चहा संपवला. "एवढं वाटत असेल तर खिळा मारा. एका क्लिकचं काम आहे, गोल हलायचा नाही. फक्त फाइलमध्ये लिहून येतं, कोणी मारला ते."

नुआनचानने खिळा मारला नाही. विचार डोक्यातून काढूनही टाकला नाही. तिने दोन नकाशे साध्या कागदावर छापून घेतले, जुना आणि मिंटचा, गुंडाळ्या करून काखेत मारले आणि आजानकडे जाऊन येते म्हणाली. मनातल्या मनात हिशेब असा होता: आधी जुना दाखवायचा. मग हळूच दुसरा. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला, तर परत येऊन खिळा. एका माणसाने तीस वर्षे एका प्रथिनात घातली, आणि त्याच्याच वाढदिवशी, सगळ्यांच्या देखत, त्याच्याच विद्यार्थिनीने ते उचलून कोपऱ्यात ठेवायचे, हे तिच्या हातून होणे कठीण होते. आणि खिळा मारून वर आपले नाव लिहिणे, तेही कठीणच होते.

कोयोच्या पुलावरून गाडी चालवताना तिला ती दोनशे बारा दारे वाजवणारी मंडळी आठवत राहिली. त्यांत ती स्वतः होती.

बौद्ध संवत २५३९, म्हणजे अठ्ठावीस वर्षांपूर्वी. त्या वर्षी पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने किनाऱ्यावरची तळीच्या तळी दहा-दहा दिवसांत बसली. शेतकरी थर्मोकोलच्या खोक्यांत मेलेली कोळंबी घेऊन यायचे आणि लॅबच्या व्हरांड्यात टोप्या हातात धरून उभे राहायचे, जणू आजान आतून औषधाची बाटलीच आणून देणार आहेत. आजानना तेव्हा एवढेच ठाऊक होते की रोगाचा विषाणू कोळंबीच्या पेशीत शिरताना तीस नंबरला धरतो. मग तीस नंबर आणखी कोणाकोणाला धरतो, हे शोधणे आले.

नव्या विद्यार्थ्याला एक प्रथिन मिळायचे, त्याचे स्वतःचे. पण त्यावर काम सुरू करण्यापूर्वी एक रीत होती. आजान म्हणायचे, "आधी तीस नंबरच्या पाया पडून ये." म्हणजे आपले प्रथिन आणि तीस नंबर, दोन्ही यीस्टमध्ये घालायची, प्लेटवर पसरायची, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बघायचे. दोघांनी एकमेकांना धरले असेल तर यीस्टचे ठिपके निळे होतात. नसेल धरले तर पांढरे राहतात, शिजल्या भातासारखे. पुढे प्रबंध लिहिताना अगदी शेवटी, ऋणनिर्देशाच्याही मागे, एका पानाच्या परिशिष्टात या पहिल्या प्लेटची नोंद करायची. हेही कोणी लिहून ठेवलेले नव्हते. एकाने केले म्हणून दुसऱ्याने केले.

सगळ्या लॅबला बेकरीसारखा वास यायचा. नुआनचानला आजही पाव शेकताना कोणी दिसले की तेविसावे वर्ष आठवायचे.

तिची प्लेट पांढरी होती. तिने ती खिडकीशी धरून पाहिली, पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिली, निळ्या पडद्यापुढे धरली तेव्हा जरा निळी वाटली, पण पडदा हलला की पांढरी. आदल्या आठवड्यात विरोट नावाच्या तिच्या सोबत्याने निळा रंग सांगितला होता, आणि आजान मान हलवून हसले होते. आता ते तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "कुठला रंग?" त्यांनी विचारले.

ती म्हणाली, पुन्हा नीट बघून सांगते, आजान.

त्यांनी पुन्हा विचारले नाही. तिने सांगितले नाही. दीड वर्षाने परिशिष्टात तिने लिहिले: फिकट निळा. त्या प्लेटनंतर महिन्याभरातच आजानांनी लॅबमधला एकुलता एक कॉम्प्युटर तिच्या स्वाधीन केला होता आणि सगळ्यांच्या प्लेटांचे आकडे मोजायला तिला बसवले होते. तिला वाटले, गणितात बरी म्हणून. त्या खुर्चीवरून ती आजतागायत उठली नव्हती. पुढे तिने सगळे प्रबंध गोळा करून शिवणाच्या निळ्या दोऱ्याने आणि टाचण्यांनी पहिला नकाशा भिंतीवर विणला, मग तो कॉम्प्युटरमध्ये घातला. देशोदेशीचे लोक तो बघू लागले. चौसष्ट दोऱ्यांपैकी तिचा दोरा कुठला, हे डोळे मिटूनही तिला सांगता आले असते.

सथिंगफ्राला ताडांच्या रांगेत आजानांचे घर. नुआनचान फाटकातून आत शिरली तेव्हा ते ओसरीवर उकिडवे बसले होते, पुढे पाण्याने भरलेली काचेची बरणी, हातात खडू, आणि डोक्यावर टांगलेल्या पिंजऱ्यात तुरेवाला बुलबुल. त्यांनी बोट ओठावर ठेवले. नुआनचानने चपला हातात घेतल्या आणि पायरीवर टेकली.

बरणीत भोक पाडलेली छोटी वाटी तरंगत होती. ती भरून बुडेपर्यंत पक्षी किती वेळा गातो, त्यावर स्पर्धेत गुण. रविवारी सोंगखलाला स्पर्धा होती. पक्षी गायला, थांबला, गायला. वाटी तिरपी झाली आणि टुपकन तळाशी गेली.

"किती?" आजानांनी तिला विचारले.

"तुम्ही म्हणाल तेवढे, आजान," ती हसून म्हणाली.

आजानांनी खडूने फरशीवर सहा रेघा ओढल्या. मग तिच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले की ती रोड झाली आहे, की गाडीचा आवाज बिघडला आहे आणि नवरा मेकॅनिक असताना हे शोभत नाही, की विभागाने वाढदिवसाचा घाट घातलाय तो कोणाच्या पैशाने. तिने प्रत्येकाचे उत्तर दिले. त्यांची भाची ताडगोळ्यांची बशी ठेवून गेली. दोघांनी दोन-दोन खाल्ले. मग आजानांची नजर गुंडाळ्यांकडे गेली.

"कागद कसले?"

तिने ठरल्याप्रमाणे जुना उलगडला. चारी कोपऱ्यांवर चपला, चष्म्याची डबी आणि बुलबुलाच्या दाण्यांचा डबा ठेवला. आजान गुडघ्यांवर हात टेकून वाकले. मधला गोल, त्यातून निघालेल्या रेघा, सगळीकडे बोट फिरवत गेले. नुआनचान त्यांच्या चेहऱ्यावर आनंद शोधत होती. तो काही सापडेना.

"हे इतके कुठून आले?"

"चौसष्ट आहेत, आजान."

"मोजता मलाही येतं. मी छापले होते सात. बाकीचे सत्तावन्न कुठून आणलेस?"

"प्रबंधांतून."

"कुठल्या पानावरून?"

"परिशिष्टातून," ती म्हणाली. "पहिल्या प्लेटचं पान."

आजान पाठ सरळ करून बसले. मग त्यांच्या पोटातून एक हसू वर आले, पण ते ओठांपर्यंत पोहोचेपर्यंत त्याचे दुसरेच काही झाले.

"परिशिष्ट कोण वाचतं?"

"मी वाचलं. सगळी. दोनशे बारा."

"अगं, ते पान ऋणनिर्देशाच्या मागे का असायचं? आईचे आभार, बापाचे आभार, वसतिगृहातल्या स्वयंपाकिणीचे आभार, मग तीस नंबरचे आभार. आभार कोणी मोजतं का? तू ते उचलून जगाच्या नकाशात टाकलेस?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला पडला नव्हता. नोंद होती, म्हणून घेतली. आजानांची होती, म्हणून तपासली नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भिडेने उलट तीस नंबरला गबर करून ठेवले होते.

आजान उठून आत गेले. कपाट उघडल्याचा, काहीतरी पडल्याचा, भाचीला काहीतरी बोलल्याचा आवाज आला. ते परतले तेव्हा हातात कापडी पाठीची आडवी वही होती, दुकानदार वापरतात तसली. ती त्यांनी नकाशावरच ठेवली, अगदी मधल्या गोलावर.

"मी सकाळी सहाला लॅबमध्ये यायचो, माहीत आहे ना?"

माहीत होते. सगळ्यांना वाटायचे, म्हाताऱ्याला झोप नाही.

"तुम्ही यायचात आठला. दोन तास असायचे. तिसऱ्या दिवसाची प्लेट मी तुमच्या आधी उघडून बघायचो." त्यांनी वही उघडली. "तुम्हाला वाटायचं, तुम्ही तीस नंबरला बघताय. मी तुम्हाला बघत होतो."

रकाने पाच होते, पट्टीने आखलेले. नाव. प्रथिन. मी काय पाहिले. त्याने काय सांगितले. शेरा. दोनशे बारा नावे, बावीस वर्षांची, सगळी एकाच बारीक अक्षरात. नुआनचानची बोटे सवयीने मोजत खाली जाऊ लागली. बहुतेक ओळींत दोन्ही रकाने सारखे होते, पांढरा, पांढरा. अकरा ओळींत निळा, निळा. आणि मधूनमधून, दर तीन-चार ओळींनंतर एकदा: पाहिले पांढरा, सांगितले निळा. विरोट त्यात होता. आज मंत्रालयात मोठ्या पदावर असलेली एक बाई होती. सध्याचे विभागप्रमुख होते. अशा बावन्न ओळी. प्रत्येकीपुढे शेऱ्यात एकच वाक्य होते: शेजारच्या बाकावर बसवणे, तीन महिने.

आजानांच्या शेजारचा बाक. तो मिळावा म्हणून मुले झुरायची. ज्याला मिळाला त्याला बाकीचे आठवडाभर टोमणे मारायचे, लाडका म्हणून.

"म्हणजे तो बाक…"

"दुरुस्तीचा होता. लाडक्यांचा कसला." आजान ताडगोळ्याचे साल सोलत होते. "बहुतेक सुधारले. तुमचे प्रमुख सोडून."

ती हसली, आणि मग हसता हसता थांबली. अकरा आणि बावन्न, त्रेसष्ट. नकाशावर चौसष्ट.

"एक सांग," तिचे बोट आणखी खाली जाण्याआधी आजान म्हणाले. "सही माझीच आहे ना सगळ्या प्रबंधांवर? त्या पानावर खोटं आहे हे मला ठाऊक होतं, आणि मी खाली सही करत होतो. म्हणायचो, आभाराचं पान आहे, जाऊ दे. ती चूक माझी. तू मोजलंस ती तुझी. आपण दोघांनी मिळून केलाय हा तुझा नऊ फुटी गणपती."

थाई माणसाच्या देवळाबाहेरही गणपती असतो, आणि नऊ फुटी असला तर फोटोला बरा दिसतो. नुआनचान आपली ओळ शोधत नव्हती असे नाही. पण तिने पाने पुढे उलटण्याऐवजी मागे उलटली, पहिल्या पानापर्यंत. तिथे, त्या दोनशे बारांच्याही आधी लिहिलेले एक नाव बघून तिचे बोट थांबले.

थाविन, असे लिहिले होते. संवत २५१९. त्या काळी तीस नंबर नव्हता, यीस्ट नव्हते. प्रथिने वेगळी करायच्या कुठल्याशा जेलवरच्या एका पट्टीची गोष्ट होती, आणि 'मी' म्हणजे इथे तोच आणि 'त्याने' म्हणजेही तोच. मी काय पाहिले: काही नाही. त्याने काय सांगितले: पट्टी दिसते. शेऱ्याचा रकाना कोरा.

तिने वर पाहिले. आजान पिंजऱ्याकडे बघत होते.

"कोणाला सांगितलं होतंत?"

"माझ्या आजानना. फार खूश झाले होते." त्यांनी साल बशीत ठेवले. "मग पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. मग परदेशी गेलो. परत येऊन सांगू म्हटलं, तर त्यांच्या अस्थी देवळाच्या भिंतीत बसवून झाल्या होत्या. मी दर वर्षी जातो तिथे. पण भिंतीला सांगून काय उपयोग? भिंत हो म्हणते."

बाहेर ताडाचे एक वाळके पान खाली पडले. बुलबुलाने पंख झाडले आणि पुन्हा गप्प झाला.

नुआनचानने पाने पुढे उलटली. २५३८, २५३९. विरोट. त्याच्याखाली एक ओळ सोडून: नुआनचान. मी काय पाहिले: पांढरा. पुढचा रकाना मोकळा होता. पुसलेला नव्हता, खोडलेला नव्हता. पट्टीने आखून तसाच ठेवलेला, अठ्ठावीस वर्षे. आणि शेऱ्यात बाकाचे वाक्य नव्हते. तिथे लिहिले होते: हिला दिसते. बोलवत नाही. मोजायला बसवावे.

तिने ते दोनदा वाचले. मग तिसऱ्यांदा. खुर्ची, कॉम्प्युटर, भिंतीवरचे दोरे, देशोदेशीचे लोक, मिंट, सगळे त्या तीन वाक्यांत मावून वर जागा उरत होती. इतकी वर्षे ती समजत होती की आपण हुशार म्हणून निवडलो गेलो. आता बघावे तर निवड झाली होती खरी, फक्त कारण दुसरे होते. आणि वाईट वाटायला हवे होते तिथे तिला, कोण जाणे का, बेकरीचा वास आला.

"परिशिष्टात मी फिकट निळा लिहिलंय, आजान," ती म्हणाली.

"वाचलं होतं."

"मग इथे का नाही लिहिलंत?"

"तू लिहिलंस ते. सांगितलं नव्हतंस. रकाना सांगण्याचा आहे." त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन काढून वहीवर ठेवले, तिच्या बाजूला टोपण करून.

तिने पेन उचलून टोपण काढले.

"पांढरा होता," ती म्हणाली. "अगदी भातासारखा पांढरा. मी पडद्यापुढे धरून निळा करत होते."

"हं."

मग तिने लिहिले. तिचे अक्षर त्यांच्या अक्षरापुढे मोठे दिसत होते, रकान्यात मावेना. शेवटचे अक्षर रेघेबाहेर गेले. शेजारी तिने आजची तारीख टाकली.

आजानांनी वही आपल्याकडे ओढून ती ओळ वाचली, चष्मा न लावता, म्हणजे वाचली नसावी. मग वही बंद करून तिच्या मांडीवर ठेवली आणि विचारले की दुसऱ्या गुंडाळीत काय आहे, मघापासून ती पायाने मागे का ढकलते आहे.

तिने मिंटचा नकाशा उलगडला. तीस नंबर कडेला होता. वहीतला हिशेब धरला तर तो आणखी कडेला जाणार होता, जवळजवळ कागदाबाहेर. दोनशे बारांत अकरा. तिने तेही सांगितले. आजान तो छोटा गोल बघत राहिले, जसे शाळेतून लवकर घरी आलेल्या मुलाकडे बघावे.

"मग मध्ये कोण बसलंय?"

"सत्त्याऐंशी नंबर. त्याच्यावर कोणी प्रबंधही लिहिलेला नाही. सहा वेळा विचारलं, सहाही वेळा हो."

"सहाच वेळा? मग अजून विचारत का नाही?" त्यांचा आवाज एकदम लॅबमधला झाला, सकाळी आठचा. "विषाणू त्याला धरतो का, बघितलं कोणी? की सगळे माझ्याच पाया पडत बसलात?"

तिने फोन काढून मिंटला दोन ओळी पाठवल्या: खिळा नको. जिथे जाईल तिथे जाऊ दे. मिंटकडून उत्तर आले ते एका प्रश्नचिन्हाचे, आणि लगेच दुसरे, आजान रडले का म्हणून. नुआनचानने फोन पालथा ठेवला. गुरुवारचा फोटोग्राफर, विभागप्रमुख, प्रभावळ, हे सगळे अजून व्हायचे होते. गुरुवारी दूर्वा आणि वांग्याची फुले ठेवलेले तबक घेऊन ती रांगेत पहिली असणार होती. तिच्या मांडीवर वही होती, आणि त्या वहीत बावन्न मोठी माणसे होती. वहीचे पुढे काय करायचे, हे त्यांनी सांगितले नाही. तिनेही विचारले नाही.

"जरा थांब," आजान म्हणाले. "एक वाटी राहिली आहे."

त्यांनी बरणीत हात घालून वाटी वर काढली, झटकली, पाण्यावर ठेवली. ताडांच्या मागे सूर्य सरोवराकडे कलला होता आणि पाण्यावरची कवडशांची जाळी ओसरीच्या छतावर हलत होती. बुलबुल गायला. थांबला. पुन्हा गायला. मग बराच वेळ नुसता घशात गुरगुरला आणि दांडीवरून दांडीवर गेला. पुन्हा गायला, दोनदा. वाटी बुडाली.

आजानांनी खडू उचलला आणि फरशीवर पाच रेघा ओढल्या.

नुआनचानने रेघांकडे पाहिले, मग पिंजऱ्याकडे.

"चारच होते, आजान," ती म्हणाली. "मधला नुसता गुरगुरला."

आजानांनी तिच्याकडे पाहिले नाही. अंगठा तोंडाशी नेऊन ओला केला आणि शेवटची रेघ पुसून टाकली.